यादवी संपली, आधी मतदान की आधी बंदुका?

रामबागकर (इंदूर): रविवारी आमच्या अभ्यासमंडळात वाद आहे. यादवीनंतर देश सावरायचा तर निवडणूक आधी की निःशस्त्रीकरण? आणि सत्ता जमातवार वाटावी का? पोह्यांबरोबर मतं भरपूर मिळतात, मला दाखले हवेत.

लष्करवाले (ग्वाल्हेर): अंगोला आणि मोझांबिक शेजारीशेजारी मांडा. दोन्ही पोर्तुगालच्या वसाहती. अंगोलात सरकार आणि बंडखोरांचा करार मे १९९१चा, मतदान सप्टेंबर १९९२ला. तोवर दोन्ही फौजा धड मोडल्याच नव्हत्या. पहिल्या फेरीत राष्ट्राध्यक्ष दुश सांतुश ४९.५७ टक्के, बंडखोरांचे नेते साविंबी ४०.०७. दुसरी फेरी झालीच नाही, कारण साविंबींनी निकाल नाकारला आणि त्यांची फौज शाबूत होती. युद्ध २००२पर्यंत चाललं.

मोझांबिकचा करार ऑक्टोबर १९९२चा. मतदान वर्षभरात ठरलेलं, पण फौजा मोडायचं काम रखडलं म्हणून ते ऑक्टोबर १९९४वर ढकललं. मोकळ्या केलेल्या सैनिकाला ६ महिन्यांचा पगार सरकारकडून, पुढचे १८ महिने देणगीदार देशांकडून. हे पैसे मिळायचे त्याने राहायला निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँकेत, त्यामुळे छावणीभोवती टोळकी रेंगाळली नाहीत. रेनामोला, म्हणजे तिथल्या बंडखोर संघटनेला, पक्ष चालवायला वेगळा निधी दिला; हरूनही त्यांनी २५०पैकी ११२ जागा काढल्या. सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. रेनामोने काही हत्यारबंद माणसं राखली होती, २०१३ला पुन्हा चकमकी झाल्याच.

बडोदेकर: नेपाळ राहिलं की! २००६च्या करारानंतर माओवाद्यांच्या बंदुका कंटेनरमध्ये गेल्या, पण किल्ली त्यांच्याच कमांडरकडे. राष्ट्रसंघाचा कॅमेरा आणि भोंगा पहाऱ्याला. नेपाळी लष्करानेही तेवढीच शस्त्रं कुलपात घातली, म्हणून शरण आल्याचा डाग कुणावर लागला नाही आणि २००८ला मतदान पार पडलं. घोळ पुढे झाला. २८ छावण्यांत १९,६०२ लढवय्ये पडताळून नोंदले, पण त्यांचं पुढे काय करायचं ते करारात मोघम. ते २०१२पर्यंत तिथेच. लष्करात शेवटी साधारण १,४०० गेले. बहुतेकांनी हुद्द्यानुसार ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठलं.

लष्करवाले: जमातवार वाटणीसाठी बोस्निया बघा. १९९५च्या डेटन कराराने अध्यक्षमंडळात एक बोस्नियाक (तिथले मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. लढाई थांबली, हे मान्य. पण ज्यू किंवा रोमा माणसाला उभंच राहता येत नाही. सारायेव्होत राहणाऱ्या सर्बालाही नाही, कारण सर्ब जागा फक्त बोस्नियातच असलेल्या सर्ब प्रजासत्ताक या भागातल्या मतदारांची. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ला ज्यू-रोमांना वगळणं भेदभावाचं ठरवलं, तरी दुरुस्ती होत नाही. ती करायची तर याच वाटणीवर निवडून आलेल्यांनी.

रामबागकर: मग जमातच कागदावरून पुसली तर?

बडोदेकर: रवांडाने तेच केलं. ओळखपत्रावरचा हुतू-तुत्सी रकाना काढला, सुमारे १२,००० गाचाचा न्यायालयांत गावकऱ्यांसमोर १९९४च्या वंशसंहाराचे खटले चालवले. पण जिंकलेल्या आरपीएफच्या (मुख्यतः तुत्सींची बंडखोर संघटना, पुढे सत्ताधारी) सैनिकांचे गुन्हे तिथे घेतलेच नाहीत, आणि तो विषय काढणाऱ्यावर समाजात फूट पाडल्याचा आरोप येतो. मंडळात हे उदाहरण देणार असाल तर हा भाग गाळू नका.