‘हॅरो’ला मराठीत कुळव म्हणायचे की दाताळे?

पोथीपान: लिंबुर्ग या चित्रकार बंधूंनी सुमारे १४११ साली हाती घेतलेल्या ‘त्रे रिश एर’ या प्रार्थनापोथीत बारा महिन्यांची चित्रे आहेत. ऑक्टोबरच्या पानावर एक माणूस मुठीने बी फेकतो आहे आणि शेजारी घोडा लाकडी चौकट ओढतो आहे. हाच ‘हॅरो’: चौकटीला खाली दाते, वर दगड. चित्राच्या वर्णनात मी ‘पेरणी’ आणि ‘कुळव’ लिहिले, तपासणाऱ्यांनी कुळवाचे ‘दाताळे’ केले. बरोबर काय?

बांधावरून: कुळव नव्हे. कुळवाला आडवी फास असते, ती मातीखालून सरकत तणाची मुळे कापते. फेकलेल्या बियांवर ती ओढली तर माती-बी पात्यापुढे गोळा होते आणि पीक कुठे दाट, कुठे विरळ उगवते. दात्यांमधून माती निसटते, बी जागीच झाकले जाते. दगड वजनाला. नाहीतर चौकट ढेकळांवरून उडते, बी उघडे पडते आणि पाखरे टिपतात. चित्रात टिपतच आहेत. मागच्या शेतात धनुर्धारी बुजगावणेही आहे.

वखरवाले: फास नाही, पास! विदर्भात तर अवजारच वखर. आणि नाव कामावरून पडते. तिफणीमागे कुळव फिरवून बी झाकतातच की. कुळवच ठेवा.

पोथीपान: दाताळ्याची वेगळी पंचाईत आहे. जूनच्या पानावर बाई कापलेले गवत ओढते, ते खरे हातातले दाताळे.

बांधावरून: मग ‘दातेरी कुळव’.

खळ्यावर: सरळ ‘हॅरो’ लिहा, ट्रॅक्टरवाले रोज म्हणतात.

बांधावरून: ट्रॅक्टरमागच्या हॅरोला बहुधा तवे (गोल चकत्या) असतात. वाचकाला तेच दिसेल. लट्रेल साल्टर या इंग्लिश पोथीतही (सुमारे १३२५-४०) घोड्यामागे दातेरी चौकटच आहे, आणि कावळ्यांवर गोफण चालवणारा माणूस. गोफण हा शब्द मात्र बिनधोक लिहा, वस्तू तीच आहे.

वखरवाले: त्याआधी ‘पेरणी’ काढा. पेरणी म्हटली की तिफणीचे बी सोडायचे चाडे, नळ्या, तास आले. मुठीने टाकतात ते फोकणे.

खळ्यावर: कोकणात भाताचे बी हातानेच टाकतात, तरी पेरणीच म्हणतात. तिफण नाही म्हणून पेरणी नाही, हे देशावरचे व्याकरण झाले.

पोथीपान: जूनमधल्या पुरुषांच्या हातातले काय मग? जुलैत गहू कापायला विळे आहेत. जूनमध्ये मात्र लांब दांड्याचे पाते, उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायचे. मी दोन्हीकडे ‘विळा’ लिहून बसले आहे.

वखरवाले: विळा नको. विळ्याला दुसऱ्या हातात पिकाची मूठ धरावी लागते.

खळ्यावर: कोयता?

बांधावरून: कोयता तर मुळीच नाही, तो घाव घालायचा.