पाय प्लास्टरमध्ये आहे. गाईडची मुलगी घरी बसून खरंखुरं काय करू शकते?

इंदिरानगरची आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे आणि शाळेच्या गाईड पथकात आहे. प्रथम सोपान (गाईडच्या परीक्षेचा पहिला टप्पा) झालाय, द्वितीय सोपानची तयारी चालू होती. गेल्या आठवड्यात पावसाने ओल्या झालेल्या जिन्यात पाय घसरला, घोट्याच्या वरचं हाड मोडलं. सहा आठवडे पाय अजिबात टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. त्यामुळे शाळा बंद आणि शनिवारचं पथकही बंद.

अभ्यासाचं मी बघून घेईन, पण पथक चुकतंय हे तिला फार लागलंय. युनिफॉर्म इस्त्री करून कपाटाच्या कडीला अडकवून ठेवलाय, आत ठेवू देत नाही.

मी स्वतः कधी स्काऊट-गाईडमध्ये नव्हते, त्यामुळे मला यातलं कळत नाही. यूट्यूबवर गाठींचे व्हिडिओ लावून दिले तर दोन दिवसांत कंटाळली. म्हणाली, "आई, हे नुसतं बघणं झालं." तिच्या गाईड कॅप्टन मॅडमशी बोलले, त्या म्हणाल्या काय करेल त्याची नोंद ठेवू दे, शाळेत आल्यावर मी तपासेन. कुणी सुचवाल का? घरातल्या घरात होईल, पण नुसता वेळ काढणं वाटणार नाही असं काहीतरी.

सातपूरकर

ताई, मुलीला लवकर बरं वाटो. आमचा धाकटा कबमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काऊट गटात असताना घरी किम्स गेम खूप खेळायचो. ताटात वीस-पंचवीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट बघू द्यायचं, वरून फडकं टाकायचं आणि आठवतील त्या लिहायला सांगायच्या. दुसऱ्या दिवशी वस्तू त्याच, पण दोन बदललेल्या. कुठल्या ते ओळखायचं. आजी-आजोबाही रंगतात.

बी. पी. सिक्समधले, म्हणजे बेडन-पॉवेल यांच्या सहा व्यायामांतले डोक्या-मानेचे आणि छातीचे व्यायाम खुर्चीत बसून जमतील असं वाटतं, पण आधी डॉक्टरांना विचारा.

पंचवटीचे स्काऊट मास्टर (निवृत्त)

ताई, तुमची मुलगी बरोबर बोलली. व्हिडिओ बघून गाठ हाताला लागत नाही. गाठीला काहीतरी धरून ठेवायचं काम द्यावं लागतं, तेव्हा ती लागते. मी शाळेत पथक चालवलं ते याच एका गोष्टीवर: मुलाच्या हातात खरं काम द्या आणि त्याला एकटं ठेवू नका. घरी बसून स्काऊटिंग करतानाही या दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. बाकी काय शिकवायचं ते तुमचं घरच सुचवेल.

तिसरा मजला आहे ना? मग बोलाइन या गाठीपासून सुरुवात करा. खाली भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आणि भाजी वर घ्यायची, हे काम आजपासून तिचं. पिशवीच्या बंदांतून दोर ओवून बोलाइन मारायची. दोरात एक लहान फास करायचा, मोकळं टोक त्यातून खालून वर काढायचं, उभ्या दोराला मागून वळसा द्यायचा आणि त्याच फासातून परत खाली न्यायचं. नाग वारुळातून वर आला, झाडाला वळसा घालून परत वारुळात गेला, असं मी मुलांना सांगायचो. नागपंचमीच्या दिवसांत तर एकदा सांगितलं की पुरायचं. मग चारही बाजूंनी ओढून घट्ट करायची. या गाठीचा फास वजनाने आवळत नाही आणि काम झालं की सहज सुटतो, म्हणून तर माणसाला वर ओढायलाही हीच वापरतात. पिशवीत आधी किलोभर बटाटे घालून घरातच खुर्चीच्या पाठीवरून ओढून बघू दे. गाठ चुकीची असेल तर बटाटे जमिनीवर येतील, तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

दोराचं वरचं टोक ग्रिलला बांधायला राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस ही गाठ. पावसाळ्यात घरात कपडे वाळत घालायची दोरी लागतेच, तीही तिनेच याच गाठीने बांधावी. दोरी अपुरी पडली आणि वेगळ्या जाडीची दोरी जोडायची वेळ आली तर शीट बेंड. तिथे रीफ नॉट चालत नाही. दोन दोर जोडून त्यावर भार द्यायचा असेल तर रीफ नॉट सरकते. तिची जागा बँडेजवर, कारण ती चपटी बसते आणि कातडीला टोचत नाही.

बँडेजवरून प्रथमोपचाराचं सांगतो, कारण या वेळी तिच्याकडे शिकायला स्वतःचाच पाय आहे. प्लास्टरबाहेर आलेल्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबायचं, ते पांढरं होतं. सोडल्यावर दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. झालं म्हणजे रक्त नीट पोचतंय. हे तिने रोज सकाळ-संध्याकाळ बघून वहीत लिहावं. बोटं निळसर झाली, मुंग्या थांबेनात किंवा दुखणं वाढत गेलं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. उद्या कुणाच्या हाताला झोळी बांधली तर हीच तपासणी बोटांवर करायची असते. झोळी स्कार्फची करता येते, स्कार्फ त्रिकोणी असतो तो त्यासाठीही. त्रिकोणाचं टोक कोपराकडे, हाताचा पंजा कोपरापेक्षा किंचित वर, बोटं उघडी, आणि गाठ मानेच्या मणक्यावर न घेता बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात. घरातल्या प्रत्येकाला तिने एकेकदा बांधावी. आजोबांचा खांदा आणि धाकट्या भावाचा खांदा यांत किती फरक असतो हे पुस्तकात कळत नाही.

आता एकटं न ठेवण्याचं. तिची पॅट्रोल, म्हणजे पथकातली छोटी तुकडी, आहे ना? ती अजूनही त्या पॅट्रोलमध्ये आहे हे त्या मुलींनाही कळू द्या. मी सुचवीन पावसाची नोंद. तिच्या पॅट्रोलमधल्या मुली वेगवेगळ्या भागांत राहत असतील, कुणी पाथर्डी फाट्याला, कुणी नाशिकरोडला. त्र्यंबकला किंवा इगतपुरीला कुणाचे नातेवाईक असले तर फारच उत्तम. प्रत्येकीने पर्जन्यमापक करायचा. प्लास्टिकची सरळ अंगाची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ वेडावाकडा असतो म्हणून खडे घालून सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करून पट्टी चिकटवायची. उघड्या गच्चीवर, भिंतीपासून लांब ठेवायचा. हवामान खातं २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, मुलींनीही साडेआठलाच मोजायचा. रोज आकडा वाचून झाला की बाटली परत शून्यावर आणायची.

सगळ्यांचे आकडे तुमच्या मुलीकडे येतील आणि तक्ता ती करेल. ती बसल्या जागी केंद्र चालवेल. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तुमच्या बिल्डिंगची गच्ची मोजून घ्या. २०० चौरस मीटर भरली आणि ३० मिलिमीटर पडला तर ६,००० लिटर पाणी एका दिवसात गच्चीवरून गटारात गेलं. ते गणित तिने सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच तक्त्यात एक रकाना गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा. विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) ते पेपरात येतं. त्र्यंबककडे पाऊस झाला की धरणात पाणी येतं, विसर्ग वाढला की गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पाणी चढतं. आपण पंचवटीतले लोक पूर मोजतो तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. तिच्याकडे त्र्यंबकचा पाऊस, विसर्ग आणि मारुतीपाशी पाणी कुठवर आलं, हे तिन्ही शेजारी शेजारी लिहिलेलं असलं की नदी कशी चालते ते तिला दिसेल. हे मी किती वर्षं मुलांकडून करून घेतलं, आणि दर वेळी कुणीतरी घरी जाऊन आजीला समजावून सांगायचं. पुराच्या वेळी फोटो काढायला घाटावर जाऊ नका, एवढं मात्र पॅट्रोलमधल्या सगळ्या मुलींना सांगा. बातमीतला फोटो पुरतो.

ताऱ्यांचं आत्ता राहू द्या, आषाढात आकाश मिळणार नाही. दिवाळीनंतर गच्चीवर जाता येईल तेव्हा ध्रुवतारा शोधा. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव क्षितिजापासून साधारण २० अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती १० अंश. दोन मुठी एकावर एक. त्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी नसतात, शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधायचा.

लॉगबुक मात्र रोज. तारीख, काय केलं, कुठे अडलं. मॅडम ते बघूनच तपासतील. तिच्याऐवजी तुम्ही लिहू नका, अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

इंदिरानगरची आई

सर, खूप आभार. तिला वाचून दाखवलं, "केंद्र मी चालवणार" हे ऐकून लगेच फोन मागितला. पॅट्रोलमधल्या दोघी तयार झाल्यात. एकीची मावशी त्र्यंबकला राहते, त्याही बाटली ठेवणार आहेत. आमच्या गच्चीवर शेजारचा मुलगा जाईल, पाचवीत आहे, त्याला आकडा नीट वाचता येईल का अशी हिला काळजी आहे!

दोन शंका. दोर कुठला घ्यायचा? बाजारात सगळा नायलॉनचाच दिसतो. आणि खरी कमाई, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायचा उपक्रम, घरात कशी करायची? शाळेत स्टॉल लावायचे. आजी म्हणतात मीच पन्नास रुपये देते.

कॉलेज रोडची रेंजर

काकू, मी शाळेत गाईड होते, आता रेंजर (मोठ्या मुलींच्या गटात) आहे. शेजारचा मुलगा पाचवीत आहे हे वाचून सुचलं: त्याला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशाची लिपी, शिकवायला सांगा तिला. समोरासमोर खिडक्या असतील तर टॉर्च, नसतील तर भिंतीवर टकटक. ई म्हणजे एक टिंब, टी म्हणजे एक रेघ, तिथून सुरू. रेघ तीन टिंबांएवढी लांब, दोन अक्षरांमध्ये तेवढीच थांबायची आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांएवढी. सगळे घाई करतात आणि थांबायचं विसरतात, त्यामुळे समोरच्याला काही अर्थ लागत नाही. दुसऱ्याला शिकवताना आपलं पक्कं होतं. मी माझ्या चुलत भावाला शिकवलं म्हणून मला येतं.

दुसरं म्हणजे सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. २०१५ मध्ये माझी मोठी बहीण सेवेला होती. ती सांगायची, दिवसभरात सगळ्यात जास्त काय केलं तर रस्ता सांगितला. परगावच्या माणसाला "इथून सरळ" कळत नाही. म्हणून घरी बसून हे करता येईल: रामकुंडापासून काळाराम मंदिर, तिथून सीता गुंफा, असा नकाशा आठवणीने काढायचा. उत्तर दिशा, खुणा, पायऱ्या, पाण्याचा नळ, शौचालय, पोलीस चौकी, सगळं. मग बाबांना तो हातात देऊन तिथे पाठवायचं आणि कुठे चुकला ते लिहून आणायला सांगायचं. नकाशा बिनचूक झाला की तोच रस्ता हिंदीत चार वाक्यांत सांगायचा, म्हाताऱ्या माणसाला कळेल असा. हरवलेलं मूल भेटलं तर काय करायचं तेही घरात पाठ करता येतं: गुडघ्यावर बसून त्याच्या उंचीवर यायचं, नाव विचारायचं, त्याला आहे तिथून फार लांब न्यायचं नाही, आणि एकटीने न राहता मोठ्यांना आणि पोलिसांना कळवायचं.

ऑक्टोबरमध्ये जोटा-जोटी असतं, जगभरातले स्काऊट-गाईड रेडिओवर आणि इंटरनेटवर भेटतात. रेडिओचं १९५७ पासून चालू आहे. तोपर्यंत प्लास्टर निघालेलं असेल, पण घरूनच भाग घेता येतो. तुम्ही शेजारी बसा, आणि पत्ता-शाळा-फोन कुणाला द्यायचं नाही हे आधी ठरवा.

पंचवटीचे स्काऊट मास्टर (निवृत्त)

रेंजर ताईंनी नकाशाचं फार चांगलं सांगितलं. ताई, बाबा घाटावर जातील तेव्हा विसर्ग कमी असलेला दिवस निवडा.

दोर सुती घ्या, करंगळीपेक्षा थोडा बारीक, दोन मीटरचे दोन तुकडे शिकण्यासाठी आणि भाजीसाठी लांब वेगळा. नायलॉन गुळगुळीत असतो, नवशिक्याच्या गाठी त्यात सुटतात. दोरांच्या दुकानात सुती मागा, मिळतो. टोकं उसवू नयेत म्हणून दोऱ्याने आवळून बांधायची. तो व्हिपिंगचा सरावही होईल. पिशवी सोडताना खाली कुणी नाही हे आधी बघायचं, आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा. ती खुर्चीत बसून असेल, तर ग्रिलच्या आतूनच सोडू दे, वाकू देऊ नका.

पाचवीतल्या मुलाची काळजी नको. पहिले तीन दिवस त्याला पट्टीचा फोटो काढून पाठवायला सांगा, तो आकडा सांगेल आणि ती फोटोवरून पडताळेल. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं, वरून वाकून नाही.

खऱ्या कमाईसाठी आजींचे पन्नास रुपये असेच घेऊ नका. आजींचं काहीतरी काम असेलच. औषधांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत वारांप्रमाणे लावणं, तुमच्यासमोर, चिठ्ठीशी ताडून. ब्लाऊजांची हुकं लावणं. शेजारच्यांच्या शर्टांची बटणं. दर तिने आधी सांगायचा, काम बघून लोकांनी पैसे द्यायचे, आणि हिशोब लॉगबुकात. पैसे पथकाच्या खात्यात द्यायचे का आणखी कुठे, ते मॅडम सांगतील.

पहिल्या आठवड्याचा पावसाचा तक्ता झाला की इथे टाका. त्र्यंबकचा आकडा बघायची मला उत्सुकता आहे.