मदत हवी आहे: बोर्ड न उघडता झिग्बी स्विच दुसऱ्या हबवर नेता येतात का?

आमच्या घरातील झिग्बी या बिनतारी पद्धतीने जोडलेले अकरा स्विच आणि चार सेन्सर एका लहान कंपनीच्या हबवर, म्हणजे त्या सर्वांना सांभाळणाऱ्या मध्यवर्ती उपकरणावर, चालतात. ही कंपनी आता एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीने विकत घेतली असून हबचे सर्व्हर पुढे चालू राहतील का, याचे स्पष्ट उत्तर ग्राहकसेवेकडून दोनदा विचारूनही मिळालेले नाही. भीती अनाठायी नाही, गूगलने 3.2 अब्ज डॉलरला घेतलेल्या नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने 2014 मध्ये रिव्हॉल्व्ह ही कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये तिची हब सेवा बंद करून सुमारे 300 डॉलरची उपकरणे निकामी करून टाकली.

म्हणून मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे स्मार्ट उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर बसवून त्याला झिग्बीचा यूएसबी डोंगल जोडला. सेन्सर रीसेट करून नव्या नेटवर्कमध्ये सहज आले. अडचण स्विचची आहे, कारण त्यांची रीसेटची कळ भिंतीतील बोर्डाच्या आत आहे आणि जुन्या हबमधून नेटवर्क की (झिग्बी नेटवर्कची गुप्त किल्ली) बाहेर काढण्याची सोय अ‍ॅपमध्ये नाही. हब मॅटरला (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकत्र चालावीत यासाठीच्या सामाईक मानकाला) अनुकूल नाही, हेही आधीच नमूद करतो. वायरमन बोलावून अकरा बोर्ड उघडणे हा माझ्या दृष्टीने अगदी शेवटचा उपाय आहे.

सर्व्हर चालू आहेत तोवरच जुन्या अ‍ॅपमधून स्विच काढून टाकल्यास हब त्यांना नेटवर्क सोडण्याचा संदेश खरोखर पाठवते की केवळ यादीतून नाव वगळते, आणि तसा संदेश गेल्यास ते कळ न दाबता नव्या डोंगलला जोडले जातात का?