दागिने-पैठणीच्या कामासाठी मीडियम फॉरमॅट: फुजी, हॅसलब्लाड की फेज वन?

फडताळ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. पुण्यात छोटा स्टुडिओ आहे. काम मुख्यतः सराफांचे कॅटलॉग, शिवाय दोन पैठणीवाले. वर्षातून चार-पाचदा मॉडेलला नवरीसारखं नटवून एखाद्या वाड्यात नाहीतर नदीच्या घाटावर शूट. सध्या सोनी ए७आर फाइव्ह आहे, ६१ मेगापिक्सेल. यंदा एका सराफाने दुकानात लावायला सहा फुटी प्रिंट मागितले, आणि वर "मण्यावरची नक्षी दिसली पाहिजे" अशी अट. तेव्हापासून मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे सोनीहून मोठ्या सेन्सरवाल्या कॅमेऱ्याचा, किडा डोक्यात वळवळतोय. फुजी जीएफएक्स १००एस टू, हॅसलब्लाड एक्स२डी आणि (बघायला काय जातं म्हणून) फेज वन अशी यादी आहे. रोजच्या वापरातला फरक कुणी सांगेल का? यूट्यूब बघून डोकं आणखी भंजाळलंय.

चष्मेबहाद्दर
आधी गणित करू. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तुमच्या सोनीच्या फोटोची लांब बाजू ९५०४ पिक्सेल, म्हणजे इंचाला १३२. जीएफएक्सची ११६४८, म्हणजे इंचाला १६२. तेवढ्यासाठी काही लाख घालणार? त्यात एक चांगला सॉफ्टबॉक्स, पोलरायझर आणि असिस्टंटचा वर्षाचा पगार निघेल. ए४ कॅटलॉगला तर ९ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत.

फडताळ
गणित पटलं, पण मन मानत नाही :)

तिपाई
चष्मेबहाद्दर, मुद्दा बरोबर आहे. पण नुसते पिक्सेल मोजून हा प्रश्न सुटत नाही.

फडताळ, एक गंमत सांगतो. तुमच्या सोनीचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. १०० मेगापिक्सेलच्या जीएफएक्सचा तेवढाच, एक्स२डीचाही तेवढाच, आणि फेज वनच्या १५० मेगापिक्सेल आयक्यू४ चाही तेवढाच. पीठ तेच, पोळी मोठी लाटलीय. सेन्सरची मापं बघा: फुल फ्रेम (तुमचा सोनी) ३६ बाय २४ मिमी, फुजी-हॅसलब्लाड ४३.८ बाय ३२.९, आयक्यू४ जवळपास ५४ बाय ४०. म्हणजे फुजी आणि हॅसलब्लाडचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या १.६७ पट, फेज वनचं अडीच पटीच्या आसपास. फुजी चांगला की हॅसलब्लाड हे सेन्सरवरून ठरवायला गेलात तर जन्मभर ठरणार नाही.

खरा फरक शटरमध्ये आहे. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्येच पातीचं शटर बसवलेलं असतं, फ्लॅश १/२००० सेकंदापर्यंत सिंक होतो, म्हणजे शटरशी जुळून पूर्ण फ्रेमवर पडतो. फुजीचं शटर बॉडीत, पडद्याचं. सिंक १/१२५.

घाटावर भर दुपारी उभे आहात असं धरा. आयएसओ १००. कडक उन्हात १/१२५ ला f/१४ च्या आसपास जावं लागतं. हॅसलब्लाडवर तेच एक्स्पोजर १/१६०० ला f/४ वर मिळतं. मागचा घाट मऊ होतो ते वेगळंच. पण f/१४ वर नवरीच्या तोंडावर उजेड पाडायला f/४ पेक्षा बारापट फ्लॅश लागतो! एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) लावला तर तो फ्लॅशचाही उजेड तेवढाच खातो, म्हणजे पुन्हा येरे माझ्या मागल्या. हायस्पीड सिंकने (फ्लॅश भराभर तुकड्यांत पेटवून) भागतं, पण त्यातही ताकद जातेच. हा धडा मी स्वतः घेतलाय. सिंकचा आकडा न बघता बॅटरीवरचा एकच छोटा फ्लॅश घेऊन बाहेर गेलो आणि दुपारभर मॉडेलला वडाखाली उभी करून वेळ मारून नेली. चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझी होती.

एक खोच मात्र आहे. मोठ्या स्ट्रोबचा (स्टुडिओ फ्लॅशचा) फुल पॉवरचा झोत बराच वेळ रेंगाळतो, १/२००० ला त्याचं शेपूट कापलं जातं. नुसत्या लेन्सच्या भरवशावर राहू नका.

फडताळ
तिपाई, हे इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे हॅसलब्लाड?

तिपाई
वर्षातून चार-पाच दिवसांसाठी? उरलेले तीनशे दिवस तुम्ही टेबलावर ठुशी ठेवून बसणार आहात. तिथे १/१२५ पुरून उरतं.

सोनचाफा
दागिन्यांचंच काम करते म्हणून लिहिते. तिपाईदादांच्या शेवटच्या वाक्याला +१.

ठुशीचा एकेक मणी म्हणजे बहिर्गोल आरसा. माझ्या पहिल्या शूटला प्रत्येक मण्यात माझा पिवळा कुर्ता होता, दीडशे मणी, दीडशे कुर्ते! तेव्हापासून काळा टी-शर्ट आणि लेन्सपुरतं भोक पाडलेला कागद. मण्यावरची नक्षी दिसते ती कडेने येणाऱ्या उजेडामुळे. कॅमेरा कुठलाही घ्या, हे चुकत नाही.

आता फोकस. फुजीची जीएफ १२० मॅक्रो आणि हॅसलब्लाडची एक्ससीडी १२० मॅक्रो, दोन्ही अर्ध्या पटीपर्यंतच जातात, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या मापाच्या निम्मीच उमटते. नथीसाठी मी वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या २०-२५ फ्रेम एकावर एक रचते. १६ बिटची अनकॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) साधारण २०० एमबीची, म्हणजे एका नथीला ५ जीबी. कॅमेऱ्याच्या बजेटमध्येच नवा कॉम्प्युटर आणि डिस्का धरा. नाहीतर रात्री दोनला प्रोग्रेस बारकडे बघत बसाल.

फुजीकडे एक चीज आहे जिच्यामुळे माझं मत तिकडे झुकतं: ११० मिमीची टिल्ट-शिफ्ट (तिरकी करता येणारी, सरकवता येणारी) मॅक्रो, २०२३ मध्ये आली. कोल्हापुरी साज तिरका मांडला की फोकसची पातळी त्याच्यावर आडवी पाडता येते. पंचवीसच्या जागी पाच-सहा फ्रेममध्ये काम. एक्ससीडी मालिकेत तशी लेन्स नाही.

आणि टेदरिंग, म्हणजे कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून शूट करणं. सराफ बाजूला बसून मॉनिटरवर बघतात ना? फुजी कॅप्चर वनमध्ये (टेदरिंगचं सॉफ्टवेअर) २०१८ पासून चालतो. कॅप्चर वनने वर्षानुवर्षं हॅसलब्लाडला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यामुळे ती मंडळी फोकसवर काम करत आली. अहो, ते हॅसलब्लाडचं सॉफ्टवेअर, 'पीएच'वालं (Phocus). फोकस जमला नाही म्हणून नव्हे.

चष्मेबहाद्दर
रंगांचं काय मग? हॅसलब्लाडचे रंग म्हणजे स्वर्ग असं ऐकतो.

सोनचाफा
कातडीचा रंग रॉ उघडल्या उघडल्या सुरेख मिळतो, मान्य. पण पैठणीचं दुखणं वेगळं आहे. माझी एक राणी रंगाची पैठणी स्क्रीनवर झळझळीत होती, कॅटलॉगमध्ये विटकी आली. पैठणीवाल्यांनी साडीच आणून छापील पानावर पसरली. मी काय बोलणार? छपाईच्या चाररंगी सीएमवायके शाईत तो गुलाबी बसतच नाही, मोरपंखीचंही तसंच. कलर चेकर (ठरलेल्या रंगांच्या चौकटींचं कार्ड) लावा, मॉनिटर कॅलिब्रेट करा, आणि छापण्याआधी प्रूफ काढून गिऱ्हाइकाची सही घ्या. सही महत्त्वाची.

पोथीवाला
फेज वनबद्दल थोडं. आम्ही हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनला आयक्यू४ १५० वापरतो. कॅमेरा स्टँडवर, पोथी खाली, वर्षानुवर्षं हललेला नाही. सपाट वस्तू, ठरलेला उजेड, दिवसाला शेकडो पानं, अशा कामाला त्याला तोड नाही. एकट्याच्या स्टुडिओला मात्र तो हत्ती दारात बांधण्यासारखा आहे. संस्था असेल तरच.

अवांतर: हॅसलब्लाडची एच मालिका २००२ मध्ये आली ती फुजीबरोबर मिळूनच. जपानात तोच कॅमेरा फुजीच्या नावाने विकला गेला. तेव्हा भांडण घरातलंच आहे.

फडताळ
सगळ्यांचे मनापासून आभार. तूर्त ठरवलंय असं: १००एस टू आणि ११० टिल्ट-शिफ्ट मुंबईहून दोन दिवस भाड्याने आणतो. त्याच साजाचा सोनीवरही फोटो काढतो, दोन्हीचे सहा फुटी प्रिंट शेजारी शेजारी लावून सराफालाच निवडायला सांगतो. त्याला फरक दिसला नाही तर चष्मेबहाद्दरांना मिसळ माझ्याकडून. घाटावरच्या शूटला हॅसलब्लाड त्या-त्या दिवसापुरता आणेन.

चष्मेबहाद्दर
मिसळ कुठली ते आधीच ठरवू. त्यावर वेगळा धागा लागेल.

सोनचाफा
भाड्याच्या बॅगेतल्या केबलवर विसंबू नका. मला एकदा नुसती चार्जिंगची निघाली होती, लॅपटॉपला कॅमेरा दिसेचना आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं. पाच मीटरची डेटावाली यूएसबी-सी स्वतःची न्या. आणि टेबलाच्या पायाला बांधा, कुणीतरी अडखळतंच.