पुण्यात हॉस्टेलला जाताना पत्र्याची पेटी न्यायची का बॅग? आणि अजून काय काय लागतं?

जिंतूरची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. कॅपच्या (म्हणजे इंजिनीअरिंगच्या सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला माझा पुण्यात इंजिनीअरिंगला नंबर लागलाय (कॉलेजचं नाव सांगत नाही, आमच्या गावातले पण इथे वाचतात) आणि हॉस्टेलच्या लिस्टमधे पण नाव आलंय, तीन जणींची रूम आहे म्हणे. सोमवारी सामान घेऊन जायचंय. आमच्या घरातून शिकायला बाहेर राहणारी मी पहिलीच, त्यामुळे घरात नुसता गोंधळ चाललाय. आईने मामाची जुनी पत्र्याची पेटी घासूनपुसून काढलीये, त्यात गादी, वाकळ, पाच किलो शेंगदाणे, दोन बरण्या लोणचं, मिक्सर (!!) असं सगळं भरायचं म्हणतीये. पप्पा म्हणतात एक बॅग ने, बाकी तिकडं घेऊ. मला पेटी न्यायची लाज वाटतीये खरं सांगायचं तर, बाकीच्या पोरी ट्रॉली बॅग घेऊन येतील. कोणी राहिलेलं असेल हॉस्टेलला तर सांगा ना काय न्यावं काय नाही, मेसचं जेवण कसं असतं, आणि पहिल्या दिवशी काय काय करावं लागतं. फी माफ आहे माझी पण हॉस्टेलचे पैसे वेगळे भरलेत म्हणून जास्त खर्च नाही करायचा.

रूम_नंबर_४२:
अगं अभिनंदन आधी. मी चार वर्ष काढलीत पुण्यात मुलींच्या हॉस्टेलला, तर माझं ऐक, पेटी ने. लाजबीज काही नाही, पंधरा दिवसांनी त्या ट्रॉलीवाल्याच तुझ्या पेटीत त्यांचे पैसे ठेवायला देतील. हॉस्टेलच्या कपाटाची कडी निम्म्या वेळा तुटलेली असते आणि पेटीला कुलूप लागतं, शिवाय उंदीर पत्रा कुरतडत नाही, शेंगदाण्याचा लाडू ठेवायचा असेल तर पेटीसारखी जागा नाही. फक्त एक कर, उंची मोजून ने. पेटी कॉटखाली गेली पाहिजे, नाहीतर रूमच्या मधोमध ठेवून चार वर्ष तिला ठेचकाळत बसशील.

मिक्सर घरीच ठेव प्लीज. हीटरचा रॉड, इंडक्शन, इस्त्री, केटल ह्यातलं काही बहुतेक हॉस्टेलात चालत नाही, रेक्टर मॅडम राउंडला आल्या की जप्त होतं आणि मग सेमिस्टर संपेपर्यंत ऑफिसच्या कपाटात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बादली. हसू नको. बादली-मग तिकडेच घे, तुळशीबागेत किंवा हॉस्टेलच्या बाहेरच्या दुकानात, पण घेतल्या घेतल्या त्याच्यावर नाव टाक. मार्करने नाही, मार्कर आठ दिवसात धुऊन जातो, नेलपेंटने टाक आणि बुडाला पण टाक. माझी पहिली निळी बादली तिसऱ्या दिवशी गायब झाली, सगळ्या मजल्यावर शोधली, आणि दोन महिन्यांनी वरच्या मजल्यावर सापडली तर त्यात एकीने मनीप्लांट लावलेला. तिला पण माहीत नव्हतं कोणाची ते, तिला ती "रूमबरोबर मिळालेली". मी मनीप्लांटसकट घेऊन आले.

गरम पाणी सोलरचं असतं, सकाळी सहा साडेसहाला जो उठेल त्याला मिळेल, सातनंतर कोमट, आठला गार. आणि पावसाळ्यात ढग असले की सोलरचं पाणी पण नसतंच म्हणून समज. पहिल्याच आठवड्यात बघून ठेव कुठल्या बाथरूमच्या नळाला प्रेशर आहे, सीनियर मुली सांगत नाहीत ते.

अर्धवट_इंजिनीअर:
वरच्या ताईंशी बाकी सगळं सहमत पण पेटी नको रे बाबा. मी बीडहून लोखंडी पेटी घेऊन आलो होतो, वाकडेवाडी स्टँडवर उतरलो (शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या शेवटी तिकडे गेलाय, जुन्या जागी उतरायचं डोक्यात ठेवू नका) आणि रिक्षावाल्यांनी पेटी बघून जो रेट सांगितला त्यात एसटीचं अजून एक तिकीट आलं असतं. दोघांनी उचलली तरी जिन्यात अडकायची. दुसऱ्या वर्षी रूम बदलली, तिसऱ्या वर्षी परत बदलली, दर वेळी पेटी उचलायला चार पोरं आणि चौघांना चहा वडापाव.

गादी अजिबात नेऊ नको एवढ्या लांब. गादी कारखाना अशा पाट्या पुण्यात पेठांमधे दर दोन गल्ल्या सोडून आहेत, कापसाची सिंगल गादी तिथे मिळते, पण आधी कॉट मोजून मग घे, काही कॉट अडीच फुटी असतात आणि तीन फुटी गादी आणली की अर्धा फूट हवेत लोंबकळते. मोजायला टेप नसेल तर ओढणीने मोज. टेबल लॅम्प, खुर्ची असलं काही हवं असेल तर जुना बाजार बघ, बुधवारी आणि रविवारी भरतो, सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरू करायचं.

मेसचं विचारलंस तर, पोळ्या कागदासारख्या असतात, भाजीत गूळ पडतो आणि डाळ म्हणजे पिवळं पाणी. आपल्याकडच्या माणसाला पहिले पंधरा दिवस काहीच तिखट लागत नाही. म्हणून काकूंचं लोणचं आण, दोन नाही, तीन बरण्या आण, त्यातली एक फक्त रूम पार्टनरसाठी धर म्हणजे जीवाला त्रास नाही. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद, हे पहिल्या रविवारी कोणी सांगत नाही आणि मग रात्री नऊ वाजता उपाशी पोरं बाहेर अंडाभुर्जीच्या गाडीवर. अजून एक, गावी जाणार असशील तर मेसवाल्याला आधी सांगून खाडे लिहून घे वहीत, तोंडी सांगितलेले खाडे महिनाअखेर कुणालाच आठवत नसतात.

रूम_नंबर_४२:
@अर्धवट_इंजिनीअर तुझी पेटी होती का गोदाम 😂 मी छोटी म्हणतीये, दोन फुटाची.

आणि एक राहिलं, ढेकूण. गादी टाकायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून कॉटच्या सांध्यात बघ, लाकडी असेल तर खिळ्याच्या भोकात आणि लोखंडी असेल तर जिथे पट्ट्या जोडल्यात तिथे. बारीक काळे ठिपके दिसले की समज आहेत. त्याच दिवशी ऑफिसात लेखी अर्ज दे, नुसतं जाऊन सांगू नको, आणि औषध मारेपर्यंत गादी कॉटवर टाकू नको. एकदा गादीत शिरले की गावी घेऊन जाशील सुट्टीत. माझ्या पार्टनरने नेलेले, तिच्या आजीने अंगणात उन्हात गादी टाकून तिला बाहेरच झोपवलं होतं.

जुनी_रेक्टर:
मी नऊ वर्षे मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते, आता निवृत्त. सामानाचं पोरांनी सांगितलंय ते ठीकच आहे, मी कागदांचं सांगते, कारण पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुली मी बादलीवरून कधी पाहिल्या नाहीत, कागदावरून दर वर्षी पाहिल्या. बाळा, अलॉटमेंट लेटर, प्रवेशाची पावती, मार्कमेमो, टीसी, आधार, जातीचा दाखला असेल तर तो आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), उत्पन्नाचा दाखला, या सगळ्याच्या निदान चार चार झेरॉक्स, आणि पासपोर्ट फोटो दहा बारा तरी. प्रवेशाच्या दिवसात कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तासभर रांग असते. ओरिजिनल एका वेगळ्या फाइलमध्ये, ती फाइल हातात, पेटीतही नाही आणि बॅगेतही नाही. ओरिजिनल दाखवायचे, पडताळणी झाली की परत घ्यायचे, मूळ कागद कॉलेजने ठेवून घेऊ नयेत असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच लिहून काढलंय.

लोकल गार्डियन म्हणून कुणाचं तरी नाव लागतं. पुण्यात नातेवाईक असतील तर त्यांना आधी फोन करून विचारा, नुसतं नाव टाकू नका. एका मुलीने चुलत आत्याचं नाव टाकलं होतं, रात्री ताप आला म्हणून मी फोन केला तर आत्याबाई म्हणाल्या कोण, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

खोलीचा ताबा घेताना जरा थांबून बघायचं. खिडकीची काच, कडी, पंख्याचा रेग्युलेटर, कपाटाचं दार, जे तुटलेलं असेल त्याचा फोटो काढायचा आणि ताबा रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहायचं. मुली घाईत सही करून मोकळ्या होतात आणि सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले की आमच्याशी भांडतात, रजिस्टरमध्ये नाही म्हटल्यावर मीही काही करू शकत नसे. डिपॉझिटची पावती आईकडे ठेवायला द्यायची, चार वर्षांनी ती तिच्याकडेच सापडेल.

अँटी रॅगिंगचा ऑनलाइन फॉर्म तुला आणि पालकांना दर वर्षी भरावा लागतो, तो कंटाळा न करता भर. काही झालं तर १८००-१८०-५५२२ हा नंबर चोवीस तास चालू असतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. "इंट्रो" म्हणून नाव गाव विचारणं वेगळं आणि रात्री बाराला उठवून बसवणं वेगळं. दुसरं झालं तर सकाळची वाट बघू नकोस, तेव्हाच रेक्टरचं दार वाजवायचं. आम्हाला त्यासाठीच तिथे राहायला खोली दिलेली असते.

खडीसाखर:
रेक्टर मॅडमना नमस्कार, आमच्या मॅडम अशा असत्या तर 😅

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. २०२४-२५ पासून मुलींना जी फी माफी आहे ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची, हॉस्टेल मेस त्यात येत नाही. पण हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता म्हणून वेगळी योजना आहे, ती महाडीबीटीवरच (सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर) भरायची, तू बसतेस का ते कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला पहिल्याच आठवड्यात विचार. एससी, नवबौद्ध असशील आणि समाजकल्याणच्या होस्टेलला नंबर लागला नसेल तर स्वाधार योजना आहे, पुण्यासाठी वर्षाला ६० हजार, पण दोन्हीकडून घेता येत नाही हां.

आणि ह्याच्यात माझी जी फजिती झाली ती सांगतो. ही सगळी रक्कम आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात जाते. माझं गावच्या बँकेत खातं होतं, पुण्यात आल्यावर कॉलेजच्या कॅम्पसमधल्या बँकेत दुसरं काढलं, खातं काढताना त्यांनी दिलेल्या फॉर्मवर मी दहा सह्या केल्या त्यात एक आधार सीडिंगची पण होती, तर स्कॉलरशिप ह्या नव्या खात्यात येऊन पडली आणि मी सहा महिने गावच्या खात्यात शोधतोय, पप्पा बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडून आले. नवीन खातं काढलंस की आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते एकदा बघ.

एका_मुलीची_आई:
माझी लेक मागच्या वर्षी गेली नागपूरला. बाळ तू हे आईला वाचून दाखव. पहिले आठ दिवस मी दिवसातून सहा फोन करायचे आणि ती प्रत्येक फोनला रडायची, मग तिच्या रूम पार्टनरने मला मेसेज केला की काकू तुमचा फोन झाला की ती जेवत नाही. तेव्हापासून रात्री जेवणानंतर एकच फोन. मला जड गेलं, पण ती जेवायला लागली. आणि वाकळ दे म्हणावं आईला नक्की, गादी नसली तरी चालेल.

जिंतूरची_पोर:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. आईला सगळं वाचून दाखवलं. मिक्सर वाचला, म्हणजे घरी राहिला. रेक्टर मॅडमचं वाचून पप्पा लगेच झेरॉक्सला गेले आणि चार ऐवजी दहा दहा काढून आणल्या. हडपसरच्या मावशीला गार्डियनचं विचारलं, ती म्हणे रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना मग इकडंच यायचं जेवायला. पेटीचं अजून ठरत नाहीये, आई आणि पप्पा दोघंही आपापल्या बाजूच्या कमेंटा दाखवून भांडतायत. अजून एक विचारायचं होतं, कपडे वाळत नाहीत का पुण्यात पावसाळ्यात?

रूम_नंबर_४२:
नाहीच वाळत. ऑगस्ट सप्टेंबरमधे जीन्सला तीन दिवस लागतात आणि चौथ्या दिवशी कुबट वास येतो. जीन्स दोनच ने, बाकी कॉटनचे पातळ कुर्ते आणि नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे. रात्री धुवून पंख्याखाली टाकायचे. पार्टनर कुरकुर करतील पण त्यांचेही तिथेच वाळत असतात.

जिंतूरची_पोर:
अपडेट देते, कोणी विचारलं नाही तरी. आले मी, आज सातवा दिवस. आईबरोबर एसटीने आले, दोघींना निम्मं तिकीट, म्हणून तिने उरलेल्या पैशात पेटी टपावर टाकून आणलीच, पप्पा हरले. रूममधे तिघींपैकी एक चंद्रपूरची आहे आणि एक सांगोल्याची, आणि सांगोलावालीची पण पेटी आहे, माझ्यापेक्षा मोठी, वर हिरव्या रंगात तिच्या आजोबांचं नाव लिहिलेलं. ढेकूण बघितले टॉर्च लावून, नाहीत. बादली लाल घेतली, नाव टाकलंय नेलपेंटने, बुडाला पण.

फक्त एक घोळ झाला, पेटीची उंची मोजलीच नाही गडबडीत. कॉटखाली दोन बोटं जास्त होत होती. आई रडवेली झाली तिथेच, लेकीला सोडताना नाही रडली, पेटी बसेना म्हणून रडली. मग वॉचमन काकांनी मागून चार विटा आणल्या आणि कॉटच्या पायांखाली लावून दिल्या. आता माझी कॉट बाकीच्यांपेक्षा उंच आहे, चढताना जरा उडी मारावी लागते.