जुन्या शहरात पायी फिरताना तुम्ही कुठे हरवलात?

परक्या शहराचा जुना भाग बघायचा तर चालतच बघावा असं सगळे सांगतात, पण चालताना काय फजिती होते ते कुणी सांगत नाही. मोबाइलमधला निळा ठिपका अरुंद गल्लीत शिरला की वेड्यासारखा करतो, उंच भिंतींवर सिग्नल आपटत येतो ना, मग आपण एका गल्लीत आणि ठिपका पलीकडच्या. तर कुठे चुकलात आणि वाट कशी लागली ते लिहा. "खूप सुंदर शहर, नक्की जा" एवढंच नको प्लीज.

माझ्यापासून सुरू करतो. व्हेनिस. राहायच्या जागेच्या पत्त्यात फक्त भागाचं नाव आणि चार आकडी नंबर, रस्त्याचं नावच नाही. मला वाटलं टायपिंगची चूक. नंतर कळलं की शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागात नंबरांची एकच माळ आहे, ती घराघरांतून, कोपऱ्याकोपऱ्यावरून वळत जाते, त्यामुळे समोरासमोरच्या दारांवर भलतेच आकडे. बॅग घेऊन पुलाच्या पायऱ्या चढ, उतर, परत चढ. एक गल्ली तर सरळ पाण्यात उतरून संपली. पिवळ्या पाट्यांवर रिआल्तो पुलाकडे जायचा बाण, तो एका कोपऱ्यावर डावीकडेही आणि उजवीकडेही! दोन्ही खरे असतात म्हणे. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरचे शब्द वाचायला लागलो, 'काल्ले' म्हणजे गल्ली, 'फोंदामेंता' म्हणजे कालव्याकाठची वाट, 'रिओ तेरा' म्हणजे बुजवलेला कालवा, 'सोतोपोर्तेगो' म्हणजे घराखालून जाणारा बोळ. तेवढ्यावर निम्मं काम झालं.

---

मोरोक्कोतलं फेस. तिथल्या जुन्या भागात गाड्या नाहीतच, माल खेचरांवरून जातो आणि मागून "बालाक!" अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं, मी पहिल्यांदा वळून बघत बसले आणि कातड्यांचा गठ्ठा खांद्याला घासून गेला. निळ्या फरशीच्या बाब बू जलूद दरवाजातून आत शिरलं की दोन मोठ्या वाटा खाली उतरतात, तला कबीरा आणि तला सगीरा, मोठा चढ आणि छोटा चढ. हे नावातच सांगितलंय हे मला दोन तास हरवल्यावर सुचलं. म्हणजे परत दरवाजाकडे यायचं तर चढत राहा, बास! नकाशाची गरजच नाही. एका पोरानं "पुढे रस्ता बंद आहे" म्हणून भलतीकडे नेलं आणि मग पैसे मागत बसला, रस्ता अर्थातच उघडा होता. त्याचा राग होता, पण त्याच्यामुळेच चामडं रंगवायचे हौद वरच्या गच्चीतून दिसले (शिरताना हातात पुदिना देतात, तो का ते आत गेल्यावर दोन सेकंदात कळतं).

---

वरच्या चढउताराला अनुमोदन. एडिंबराचं जुनं गाव असंच एका कण्यावर आहे, किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारखे बोळ. हरवलात तर कण्यावर या. एका बोळाचं नावच 'जगाचा शेवट', तिथे पूर्वी गावाची वेस होती, दरवाजा पाडला पण त्याची जागा रस्त्यात पितळी ठोकळ्यांनी दाखवलीय. मी त्याच्यावरून दोनदा गेलो आणि तिसऱ्यांदा दिसलं.

---

आईला घेऊन गेले होते, गुडघे दुखतात, त्यात पाऊस. म्हणून इटलीतलं बोलोन्या लाभलं. अख्खं जुनं शहर कमानींच्या ओसऱ्यांखालून चालता येतं, सगळ्या मिळून 62 किलोमीटर, 2021 साली युनेस्कोच्या यादीत आल्यात. घरं वरच्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला वाढवायची आणि खाली खांब द्यायचे, असं होत होत झालं, आणि 1288 साली तर नियमच केला की नव्या घराला ओसरी पाहिजेच. जागा मालकाची पण चालायचा हक्क सगळ्यांचा, हे मला फार आवडलं. आई खांबांना हात लावत चालली, एके ठिकाणी तेराव्या शतकातले लाकडी खांब अजून उभे आहेत, त्यांच्याखाली बराच वेळ मान वर करून उभी होती. पाहायच्या ठिकाणांची यादी अर्धी राहिली, राहू दे.

---

मी हरवलो नाही, अडखळलो. रोममध्ये बारीक काळ्या दगडांची फरसबंदी आहे, पाय मुरगळतो म्हणून खाली बघतच चालत होतो. जुन्या यहुदी वस्तीत एका दारासमोर दगडांच्या मधे 10 सेंटीमीटरचा पितळी चौकोन दिसला. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, अटकेची तारीख 16.10.1943, आणि शेवटी आउशवित्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी. शेजारी अजून एक, आडनाव तेच. अजून एक, त्याचं जन्मसाल बघून हिशेब केला आणि करायला नको होता असं वाटलं. त्या एका सकाळी नाझींनी शहरातून हजाराहून जास्त यहुदी माणसं उचलली होती. हे चौकोन गुंटर डेमनिग या जर्मन कलाकारानं सुरू केले, आता युरोपभर आहेत. माझ्या हातातल्या नकाशावर त्या गल्लीत काहीच दाखवलेलं नव्हतं. पुढच्या चौकात कारंजं होतं, फोटो काढायचं लक्षातच आलं नाही.

---

रोमवरून एक छोटी टीप, रस्त्यात ते लोखंडी नाकाचे नळ आहेत ना सतत वाहणारे, 1874 पासूनचे, त्यांची तोटी बोटानं बंद केली की वरच्या भोकातून धार येते, वाकायला नको. बाटली विकत घेऊ नका.

---

आमच्यात हरवणं म्हणजे भांडण, म्हणून प्रागला आधीच ठरवलं की चुकामूक झाली तर जुन्या चौकातल्या त्या 1410 च्या खगोलीय घड्याळाखाली भेटायचं, बरोबर तासाच्या ठोक्याला. चुकामूक झालीच. मी पोचले तर तिथे ही गर्दी, कारण तासाच्या ठोक्यालाच वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती फिरतात आणि अख्खं गाव त्याच वेळी मान वर करून उभं असतं! हे घड्याळाच्या डाव्या बाजूला, मी उजव्या, दोघं एकमेकांवर चिडून, मधे चारशे माणसं. गर्दी पांगल्यावर दिसले, तर आधी म्हणतात काय, "तू मूर्ती बघितल्यास का? मला खांबामुळे नाही दिसल्या." मग अजून एक तास थांबलो तिथेच.