लवचीकपणाही पाहावा

गळाने मासे पकडण्यासाठी मध्यम ताकदीचा एकच रॉड (गळाची काठी) सगळ्या माशांना पुरतो, हे मत मला पूर्णपणे पटत नाही, कारण त्यात ताकदीचा विचार आहे, पण रॉड कुठून वाकतो याचा नाही. केवळ शेंड्याकडे वाकणारा रॉड कठीण जबड्याच्या शिकारी माशात गळ चटकन रुतवतो; मात्र नाजूक तोंडाचा मासा झटका देऊ लागला, की त्याच ताठपणामुळे ओठ फाटून तो निसटतो, म्हणून तिथे मुठीपर्यंत कमानीसारखा वाकणारा रॉडच हवा. माझा सर्वांत आवडता रॉड असाच, 7 फुटी आणि हलका आहे. मुठीच्या वर छापलेली आमिषाच्या वजनाची मर्यादा, उदाहरणार्थ 5 ते 20 ग्रॅम, खरेदीपूर्वी अवश्य वाचावी.